सहल कंपनीबरोबर जपान: आम्ही दोघे पूर्ण शाकाहारी, जेवणाचे काय करावे?

अंत्रुजकर, फोंडा

नमस्कार.

दिवाळी आटोपल्यावर, नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, मी आणि माझी पत्नी जपान पाहून यावे असा विचार करीत आहोत. दोघांनीही साठी ओलांडली आहे. परक्या देशात गाड्या बदलत आणि सामान ओढत हिंडण्याची हौस आता उरलेली नाही, त्यामुळे सोबत मार्गदर्शक असलेली सहलच घ्यायची, इतके पक्के आहे. अडचण आहे ती जेवणाची. आमच्या घरचे शिवराक, म्हणजे शाकाहारी जेवण, सोमवार-गुरुवारपुरते नसून बारमाही आहे. मांस, मासळी आणि अंडे यांपैकी काहीही आम्ही खात नाही. दूध-दही चालते, कांदा-लसूण चालतो. केकमधल्या अंड्याकडे पत्नी काणाडोळा करते, मी करीत नाही.

सध्या दोन प्रस्ताव समोर आहेत. पहिला मुंबईच्या एका कंपनीचा. चाळीसएक माणसांचा गट, टोकियो, फुजी, क्योटो, नारा, ओसाका आणि हिरोशिमा ही ठिकाणे, रोज रात्री आणि बहुतेक दुपारीही भारतीय उपाहारगृहात शाकाहारी जेवण. दुसरा एका परदेशी कंपनीचा. दहा-बारा माणसांचा गट, जपानी मार्गदर्शक, ठिकाणे जवळपास तीच, पण त्यात हाकोने येथे पारंपरिक जपानी निवासात, म्हणजे ऱ्योकानमध्ये, एक रात्र आणि कोयासान या डोंगरावरच्या मठात एक रात्र आहे. न्याहारी रोजची त्यांची, रात्रीची जेवणे मात्र मोजकीच. त्यांच्या माहितीपत्रकात ‘शाकाहारी पर्याय शक्यतो उपलब्ध करून दिले जातील’ असे एक वाक्य आहे, आणि त्यातल्या ‘शक्यतो’ने माझी झोप उडवली आहे. दुसऱ्या सहलीचा खर्चही बराच अधिक आहे.

पुण्यातला भाचा म्हणतो की काका, तिथे कोपऱ्याकोपऱ्यावर चोवीस तास उघडी दुकाने आहेत, उपाशी राहणार नाही. पण परदेशात जाऊन आठवडाभर केळी आणि पाव खाऊन राहायचे असेल तर एवढे पैसे का घालवावेत, असा पत्नीचा रोकडा प्रश्न आहे. ज्यांना प्रत्यक्ष अनुभव आहे त्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

सांतिनेजकरीण, पणजी

अंत्रुजकर, नमस्कार. यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षे योकोहामात राहिलो आणि तेव्हाही आमच्या घरी आपल्यासारखाच कडक शाकाहार होता, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

जपानमध्ये मांस ही शाकाहाऱ्याची मोठी अडचण नव्हे. ते ताटात दिसते, त्यामुळे टाळता येते. अडचण आहे ती न दिसणाऱ्या मासळीची, म्हणजे दाशीची. दाशी हे तिथल्या स्वयंपाकाचे मूळ पाणी. कोंबु नावाची समुद्री वनस्पती पाण्यात भिजत घालतात, पाणी मंद आचेवर तापवतात, उकळी फुटायच्या बेतात कोंबु बाहेर काढतात आणि मग त्यात कात्सुओबुशीचे मूठभर पापुद्रे टाकून पाणी गाळून घेतात. कात्सुओबुशी म्हणजे उकडून, धूर देऊन, लाकडासारखा टणक होईपर्यंत सुकवलेला कात्सुओ मासा. तो रंध्यासारख्या पात्यावर किसून त्याचे पापुद्रे काढतात. हे गाळलेले पाणी अगदी स्वच्छ, पिवळसर दिसते आणि त्यात माशाचा कणही नसतो. मिसो सूप याच पाण्याचे, उदोन या जाड शेवयांचा रस्सा याच पाण्याचा, सोबा या कुट्टूच्या शेवया ज्यात बुडवून खातात ते पाणी यातलेच, भोपळा आणि मुळा शिजतो तोही यातच. इनारीच्या भाताभोवतीची तळलेल्या तोफूची पिशवीसुद्धा बहुतेक वेळा यातच मुरवलेली असते. त्यामुळे आपण ‘आम्ही शाकाहारी आहोत’ एवढेच सांगितले, तर वाढणारी बाई अत्यंत प्रामाणिकपणे निव्वळ भाज्यांचे ताट आणून ठेवते आणि त्यातली प्रत्येक भाजी माशाच्या पाण्यात शिजलेली असते. तिने फसवलेले नसते. तिच्या लेखी दाशी हा पदार्थच नव्हे.

म्हणून सांगायचे ते वाक्य वेगळे. ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन. कात्सुओ दाशी मो ताबेरारेमासेन.’ मांसही खात नाही, मासेही खात नाही, कात्सुओची दाशीही खाता येत नाही, असा त्याचा आशय आहे. हे आणि अंड्याचे एक वाक्य मार्गदर्शकाकडून जपानी लिपीत एका कार्डावर लिहून घ्यावे आणि दोघांनी एकेक जवळ ठेवावे.

आता भाच्याच्या दुकानांविषयी. सेव्हन इलेव्हन, लॉसन, फॅमिली मार्ट ही दुकाने खरोखरच जागोजागी आहेत आणि त्यांचा उपयोगही होतो. मिठाचा साधा भातगोळा, उकडलेल्या एदामामेच्या शेंगा, केळी, शेंगदाणे, थंडीत मिळणारे भाजलेले रताळे हे सारे पोटाला आधार देते. परंतु एक खाचखळगा सांगते. वेष्टनावर अॅलर्जीचे घटक छापणे तिथे बंधनकारक आहे, आणि त्या ठरावीक घटकांत अंडे, दूध, गहू, सोबा (कुट्टू), भुईमूग, कोळंबी, खेकडा आणि अक्रोड येतात. कात्सुओ त्या यादीत नाही. त्यामुळे अॅलर्जीच्या चौकटीत मासळी दिसली नाही म्हणून पदार्थ निर्धोक समजू नये. घटकांची संपूर्ण यादी मोबाइलच्या कॅमेऱ्याने भाषांतरित करून वाचावी. उमेबोशी, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाचा, भातगोळा वरकरणी निष्पाप वाटतो, पण त्यातही कात्सुओचा अर्क असू शकतो. बटाट्याच्या काही वेफर्समध्ये कोंबडीचा अर्क असतो, काही पावांत डुकराची चरबी असते, काही दह्यांत जिलेटिन असते. अंड्याचे तेवढे त्या चौकटीत निश्चित कळते, ही आपल्या दृष्टीने मोठी सोय आहे.

सर्वांत महत्त्वाचे. जपानी स्वयंपाकघर आयत्या वेळी बदलत नाही. आपल्याकडे हॉटेलात बसल्यावर ‘यात अमुक घालू नका’ म्हटले की आचारी मान डोलावतो. तिथे दाशी सकाळीच तयार झालेली असते, ताटे मोजून आखलेली असतात, आणि आयत्या वेळी काही मागणे म्हणजे वरातीमागून घोडे. परंतु हीच मंडळी काही दिवस आधी लेखी कळवले असता इतक्या बारकाईने व्यवस्था करतात की आपण संकोचावे. तेव्हा दुसऱ्या कंपनीला ‘शाकाहार मिळेल का’ असे विचारूच नका. ज्या ज्या रात्रीचे जेवण त्यांच्याकडे आहे, त्या प्रत्येक रात्रीच्या ठिकाणाचे नाव, आणि दाशी व अंडे यांविना जेवण देण्यास त्या ठिकाणाने दिलेला होकार, असे दोन्ही मागा. जी कंपनी हे देऊ शकते तिचे ‘शक्यतो’ चालवून घ्यावे, जी देऊ शकत नाही तिचे ‘निश्चित’ही कामाचे नाही.

मडगावकर

वरील माहिती अचूक आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला वेगळा दिसतो. आम्ही उभयतांनी मुंबईच्याच एका कंपनीबरोबर अशी चाळीस माणसांची सहल केली आहे आणि पुन्हा जायचे झाले तरी तशीच करू. पोटोबा आधी, मग विठोबा.

भारतीय जेवणाला नाके मुरडण्याची एक पद्धत पडली आहे. जपानमधील भारतीय उपाहारगृहांत पुष्कळदा स्वयंपाकी नेपाळी असतात, जेवण तेच ते असते, वरण, पनीर, जिरे घातलेला भात आणि ताटाबाहेर लोंबणारा भलामोठा नान, हे सगळे खरे. नानमध्ये अंडे आहे का, हेही विचारून घ्यावे लागते. परंतु दिवसभर देवळांच्या पायऱ्या चढून उतरून पाय भरून आलेले असताना समोर गरम वरणभात येतो आणि त्यात काय आहे याची चौकशी करावी लागत नाही, याचे मोल साठीनंतरच कळते.

अशा सहलींवर नेहमीचा आक्षेप असा की, संध्याकाळी सहा वाजताच उपाहारगृहाकडे बस वळते आणि पाहण्याचा वेळ जातो. आपण नोव्हेंबरच्या उत्तरार्धात जाणार आहात. त्या दिवसांत क्योटोत पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि बरीचशी देवळे साडेचार-पाचपर्यंत बंद होतात. मग सहाला जेवायला बसल्याने नेमके काय बुडते? बुडते ते एकच, आणि ते कबूल करायला हवे. क्योटोत पानगळीच्या त्या दिवसांत कियोमिझुदेरासारखी काही देवळे रात्री दिव्यांची रोषणाई करून पुन्हा उघडतात. लाल मोमिजीची, म्हणजे मेपलची, झाडे खालून उजळलेली पाहायची असतील, तर एक संध्याकाळ जेवण लवकर उरकून किंवा चुकवून जावे लागते, आणि चाळीस जणांच्या गटाला हे जमत नाही. कंपनीला आधीच विचारून ती एक संध्याकाळ मोकळी मागून घ्यावी.

तक्रार करण्यासारखी एक गोष्ट आमच्याही वाट्याला आली. हिरोशिमात एका दुपारी ठरलेले भारतीय जेवण रद्द झाले आणि त्याऐवजी जपानी पद्धतीच्या जेवणाचे डबे बसमध्येच वाटण्यात आले. डब्यावर शाकाहारी असे लिहिलेले होते, आत माशाच्या पिठाची गुलाबी-पांढरी चकती होती. भात आणि लोणचे खाऊन बाकीचे परत केले. तेव्हा ‘सर्व जेवणे भारतीय’ असे छापलेले असले तरी एक वेळचा फराळ पिशवीत असावाच.

विमानातील जेवणाचेही सांगून ठेवतो. गोव्याहून थेट विमान नसल्याने मुंबई, दिल्ली किंवा बंगळूर गाठूनच पुढे जावे लागते. तिकिटावर विशेष जेवण नोंदवताना ‘हिंदू मील’ निवडू नये. ते नुसते गोमांस आणि डुकराचे मांस वर्ज्य असलेले जेवण असते. त्यात कोंबडी किंवा मासे येऊ शकतात. ‘एशियन व्हेजिटेरियन’ असे नोंदवावे, आणि कंपनीने नोंदवले म्हणून सांगितले तरी विमान कंपनीच्या संकेतस्थळावर आपण स्वतः पाहावे.

बांदोड्याचा वाटसरू

मडगावकरांच्या अनुभवाविषयी आदर राखून सांगतो की, त्यांनी केलेली सहल उत्तम असली तरी अंत्रुजकर यांच्यासमोर जी दुसरी यादी आहे तिच्यातले खरे रत्न त्यांच्या नजरेतून सुटले. ते आहे कोयासान. कडक शाकाहाऱ्याने जपानमध्ये एक रात्र कुठे काढावी असे मला विचारले, तर मी टोकियो-क्योटोच्या आधी हे नाव घेईन.

कूकाई, ज्यांना मरणोत्तर कोबो दाइशी ही पदवी मिळाली, त्या भिक्षूंना इ. स. ८१६ मध्ये सम्राटाकडून हा डोंगर मिळाला आणि शिंगोन या तांत्रिक बौद्ध पंथाचे केंद्र तेथे उभे राहिले. आज डोंगरावर शंभराहून अधिक मठ-मंदिरे आहेत आणि त्यांपैकी पन्नासएक मठ यात्रेकरूंना उतरवून घेतात. मंगेशी किंवा शांतादुर्गेच्या अग्रशाळेत उतरावे तसेच हे, फक्त जेवण-अंथरूण सारे मठाचे. आणि जेवण कोणते, तर शोजिन ऱ्योरी. त्यात मांस, मासे, अंडे तर नसतेच, पण परंपरेने कांदा, लसूण आणि त्यांच्या जातीच्या उग्र भाज्याही वर्ज्य असतात. दाशी कोंबु आणि सुकवलेल्या शिताके अळंब्यांची. जे इतरत्र दहा वेळा समजावून सांगावे लागते, ते येथे मुळातच पाळलेले असते.

एका ताटाचे वर्णन करतो. लाखेच्या लाल, बुटक्या चौरंगावर लहान लहान वाट्या येतात. एकीत गोमादोफू, म्हणजे तिळाचे गुळगुळीत वाटण आणि कुझू नावाच्या कंदाचे सत्त्व पाण्यात कालवून, आचेवर सतत घोटून थापलेली वडी. वर किंचित वासाबी. दुसरीत कोयादोफू, गोठवून सुकवलेला तोफू पुन्हा भिजवून रसात शिजवलेला, दाताखाली आला की आतला रस पाझरतो. भाज्यांची तळणी मिठाबरोबर, बाजूला लोणचे, भात, आणि शेवटी फळाची फोड. तिखट काहीच नाही, फोडणी नाही. पहिल्या घासाला गोव्याच्या जिभेला हे अळणी वाटेल. चौथ्या-पाचव्या वाटीपर्यंत प्रत्येक भाजीची स्वतःची चव लागू लागते. ज्यांना तेवढा धीर नाही त्यांनी चटणीची पूड खुशाल जवळ ठेवावी, पण निदान पहिले ताट तिच्याशिवाय जेवावे, असे माझे मत.

पहाटे सहा-साडेसहाला प्रार्थना असते आणि काही मठांत गोमा, म्हणजे अग्नीत समिधा अर्पण करण्याचा विधी होतो; तो आपल्या होमाच्याच परंपरेतून चीनमार्गे तेथे पोहोचला आहे. ओकुनोइन ही दफनभूमी दोन लाखांवर समाध्यांची आहे आणि तिची वाट प्रचंड देवदारांमधून जाते. कूकाई तेथे आजही समाधी लावून बसले आहेत, अशी श्रद्धा आहे आणि भिक्षू रोज दोन वेळा त्यांच्यासाठी नैवेद्य घेऊन जातात. हा नैवेद्यही अर्थात शाकाहारी.

क्योटोत असेच जेवण हवे असेल, तर अराशियामा भागातील तेनऱ्यूजी या झेन मंदिराच्या आवारात शिगेत्सु नावाचे शोजिन भोजनगृह दुपारी चालते. आधी आरक्षण करावे. क्योटो तोफूसाठी आणि युबा, म्हणजे सोयाच्या दुधावर धरणारी साय, यासाठी प्रसिद्ध आहे, पण नानझेनजी परिसरात मिळणाऱ्या गरम तोफूबरोबर जे बुडवण्याचे पाणी येते, त्यात कात्सुओ असू शकतो, एवढे ध्यानात ठेवावे. टोकियो स्थानकाच्या आतच, तिकिटाच्या फाटकांच्या आतील भागात, टीज तानतान नावाचे पूर्ण वनस्पतिजन्य रामेनचे, म्हणजे रस्सेदार शेवयांचे, दुकान आहे. शिंकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, पकडण्याआधी तेथे गरम वाटीभर रामेन निर्धास्त खाता येतो, हे सुख जपानमध्ये शाकाहाऱ्याला फार ठिकाणी मिळत नाही.

तेंपुरा, म्हणजे पिठात बुडवून तळलेल्या भाज्या, याविषयी सावध असावे. पिठात बहुधा अंडे असते, तेच तेल कोळंबीचेही असते आणि सोबतच्या पाण्यात दाशी. गोवेकरांसाठी एक जाता जाता: तळणाची ही पद्धत आणि नागासाकीचा प्रसिद्ध कास्तेला केक हे दोन्ही सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत तेथे गेले, असे मानले जाते. ज्या फ्रान्सिस झेवियरचे अवशेष जुन्या गोव्यात आहेत, तो गोव्याहूनच निघून १५४९ मध्ये कागोशिमाला उतरला होता. कास्तेला अंड्यांनी ओतप्रोत असतो, त्यामुळे आपल्याला तो दुरून पाहायचा. गोडाची हौस योकान, डाइफुकू आणि क्योटोच्या दालचिनी घातलेल्या यात्सुहाशीवर भागवावी. यांत मुख्यतः तांदूळ, अझुकी या लाल कडधान्याचे पुरण आणि साखर असते, आणि योकान थिजवायला जिलेटिन नव्हे तर समुद्री वनस्पतीचे आगर वापरतात.

नारा दोन्ही सहलींत आहे, तेव्हा तोदाइजीत महाबुद्धासमोर उभे राहाल. इ. स. ७५२ मध्ये त्या मूर्तीचे नेत्रोन्मीलन बोधिसेन या भारतीय भिक्षूच्या हस्ते झाले होते. मार्गदर्शक हे सांगतो का, ते पाहा. चाळीस जणांच्या घाईत सहसा राहून जाते. यावरून आणखी एक आठवले. २०१८ पर्यंत जपानमध्ये पैसे घेऊन परदेशी पाहुण्यांना फिरवण्यासाठी सरकारी परवाना आवश्यक होता. आता विनापरवाना मार्गदर्शकही काम करू शकतात. परवाना असलेलाच मार्गदर्शक मिळणार का, असे दोन्ही कंपन्यांना विचारावे. स्वयंपाकघराशी बोलणारा दुवा तोच असतो.

अंत्रुजकर, फोंडा

सर्वांचे मनापासून आभार. पत्नीने सगळी उत्तरे मोठ्याने वाचून घेतली आणि तिचे मत आता कोयासानकडे झुकले आहे. सांतिनेजकर ताईंनी सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या कंपनीला रात्रीच्या जेवणांची ठिकाणे आणि होकार मागणारे पत्र पाठवले आहे. मठाचा होकार दोन दिवसांत आला, हाकोनेच्या ऱ्योकानकडून मात्र ‘विचारून कळवतो’ एवढेच आले आहे.

आणखी काही शंका आहेत. घरचा लहान विजेचा भातकुकर नेला तर चालेल का? फराळाचे काय नेता येते? आणि पत्नीच्या गुडघ्यांना जमिनीवर बसणे जमत नाही, तर मठात कसे होणार?

वाळपईचा वायरमन

कुकरपुरते मी सांगू शकतो, कारण माझा व्यवसायच तो आहे. नेऊ नये. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची आहे, आपली २३० व्होल्टची. तापणाऱ्या तारेची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, त्यामुळे आपला १००० वॅटचा कुकर तेथे जेमतेम १९० वॅटने चालेल आणि भात शिजण्याऐवजी तासभर कोमट पाण्यात भिजत राहील. दोन्ही व्होल्टेजवर चालणारी प्रवासी उपकरणे मिळतात, पण हॉटेलच्या खोलीत स्वयंपाक करण्यास सहसा मनाई असते. पाणी तापवण्याची किटली बहुतेक खोल्यांत असते, ती पुरे. मोबाइलचे चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतात, त्यांना फक्त दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर लागतो.

फराळाबाबत साधा हिशेब असा की, जे गरम पाणी ओतून होते ते न्यावे. पाकिटातला उपमा, फोव (पोहे), खाकरे, लाडू, चटणीची पूड, मेतकूट. ताजी फळे, भाज्या, कढीपत्ता, तसेच कच्चा तांदूळ आणि डाळी नेऊ नयेत. त्यांना वनस्पती-तपासणीचे प्रमाणपत्र लागते आणि ते नसेल तर विमानतळावरच काढून घेतात. कारखान्यात बंद केलेली, घटक छापलेली पाकिटे असली की प्रश्नोत्तरे कमी होतात. सर्दीच्या गोळ्यांतील स्यूडोएफेड्रिनवर तिथे कडक निर्बंध आहेत, तेव्हा औषधे नेताना डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवावी आणि घटक पाहून घ्यावेत.

सांतिनेजकरीण, पणजी

वहिनींच्या गुडघ्यांचे आधीच कळवा. आता पुष्कळ मठांत बुटक्या खुर्च्या मिळतात आणि काही ठिकाणी टेबल-खुर्चीवर जेवणाची सोयही असते, पण तीही मागितली तरच. झोपणे मात्र जमिनीवरच्या गादीवर असते, तेव्हा रात्री उठताना आधाराला काही असेल अशी खोली मागावी. स्नानगृह आणि शौचालय बऱ्याच मठांत सामाईक असते. खोलीला जोडून हवे असेल तर तसे मठ निवडक आहेत आणि महागही. कोयासान समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर आहे. नोव्हेंबरअखेर रात्रीचे तापमान शून्याच्या आसपास जाते, खोलीत हीटर असला तरी मठाच्या लाकडी ओसऱ्या बर्फासारख्या गार पडतात. जाड मोजे आणि अंगात घालायचे गरम कपडे न विसरता घ्यावेत, फोंड्याच्या हिवाळ्याचा स्वेटर पुरणार नाही.

डोंगरावर मोठ्या बॅगा नेऊ नका. जपानमध्ये एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात सामान पाठवण्याची ताक्युबिन नावाची अत्यंत भरवशाची सेवा आहे. सामान साधारणपणे दुसऱ्या दिवशी पोहोचते. एका रात्रीचे कपडे, औषधे आणि फराळ हातात ठेवून बाकीचे पुढच्या मुक्कामी पाठवून द्यावे. मार्गदर्शक हॉटेलच्या स्वागतकक्षातून हे करून देतो. शिंकानसेनमध्येही लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटिमीटरहून मोठ्या बॅगेसाठी खास आसनाचे आरक्षण लागते, तो त्रासही त्यामुळे वाचतो.

आता हाकोने. ऱ्योकानमधले रात्रीचे जेवण म्हणजे तिथल्या आचाऱ्याचा मानबिंदू. एकामागून एक येणाऱ्या दहाबारा पदार्थांची आखणी ऋतूप्रमाणे आधीच झालेली असते आणि त्यातले निम्म्याहून अधिक पदार्थ दाशीवर उभे असतात. ‘विचारून कळवतो’ हे उत्तर जपानमध्ये पुष्कळदा सभ्य नकार असतो, म्हणून आठवड्याभरात स्पष्ट होकार आला नाही तर कंपनीला सांगावे की आमच्या खोलीचे आरक्षण जेवणाविना करा आणि तेवढी रक्कम वजा करा. असे आरक्षण पुष्कळ ऱ्योकान स्वीकारतात. मात्र हाकोनेत दुकाने आणि उपाहारगृहे लवकर मिटतात, त्यामुळे त्या संध्याकाळचे जेवण दुपारीच ओडावारा किंवा हाकोने-युमोतो स्थानकाजवळ घेऊन ठेवावे लागेल. बाकी गट जेवत असताना गरम पाण्याचे कुंड रिकामे असते. कपड्यांविना सामाईक स्नान करण्याचा संकोच असेल, तर तासाभरासाठी फक्त कुटुंबापुरते राखून मिळणारे कुंड त्या वेळी सहज मिळते, ते खोली घेतानाच नोंदवून ठेवा.